धरणाखालच्या खोऱ्यातील भोंगे आणि कर्णे : एका इशारा यंत्रणेच्या आखणीचा अभ्यास

या प्रकरणातील खोऱ्यात धरणाच्या भिंतीपासून खाली साधारण नऊ किलोमीटरच्या पट्ट्यात नदीकाठी चार वस्त्या आहेत. पहिली वस्ती भिंतीपासून दोन किलोमीटरवर असून तिच्या सर्वांत सखल गल्लीतली घरे पात्रापासून हाकेच्या अंतरावर आहेत. पात्रात शेतीचे पंप आहेत आणि ते सुरू करण्यासाठी माणसे रात्री-अपरात्री खाली उतरतात. धरणाचे दरवाजे उघडताना या लोकांना इशारा देण्यासाठी भोंगे आणि बोलके कर्णे बसवायचे ठरले. आलेला आराखडा तपासण्यासाठी नेमलेल्या गटात ध्वनी आणि वीज या दोन बाजू पाहण्याचे काम माझ्याकडे होते. खोऱ्याचे आणि संबंधित संस्थांचे नाव इथे मुद्दाम दिलेले नाही. अडचणी एका जागेपुरत्या नव्हत्या आणि त्यातून जे सापडले ते असे काम हाती घेणाऱ्या कुणालाही उपयोगी पडावे, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रस्ताव

पुरवठादाराचा पहिला प्रस्ताव दिसायला नेटका होता. तीन उंच मनोरे, प्रत्येकावर 30 मीटर अंतरावर 115 डेसिबल आवाज देणारा इलेक्ट्रॉनिक भोंगा, आणि नकाशावर प्रत्येक मनोऱ्याभोवती पाच किलोमीटरहून मोठे वर्तुळ. ही वर्तुळे एकमेकांवर इतकी चढली होती की चारही वस्त्या दोनदा-दोनदा झाकल्या जात होत्या. बैठकीत कुणीतरी म्हणालेही की तीनऐवजी दोन मनोरेही पुरतील. मंजुरीच्या कागदावर सही होण्यास दोनच दिवस उरले असताना आम्ही दोन प्रश्न विचारले. इशारा मिळाल्यापासून माणूस सुरक्षित जागी पोचेपर्यंत किती वेळ लागतो, आणि वर्तुळाच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसाला नेमके काय ऐकू येते? दोन्हींची उत्तरे प्रस्तावात नव्हती.

आधी मिनिटांचा हिशेब

दरवाजे उघडल्यापासून पाण्याची वाढ पहिल्या वस्तीच्या सखल गल्लीपर्यंत पोचायला सुमारे 25 मिनिटे लागतील, असा धरणाच्या अभियंत्यांचा अंदाज होता. त्या गल्लीतून शाळेमागच्या टेकडीवर चढायला किती वेळ लागतो हे आम्ही चालून पाहिले. काठी टेकत चालणाऱ्या एका आजींबरोबर निघालो तेव्हा 12 मिनिटे लागली, आणि तो दिवस उजेडाचा, कोरड्या वाटेचा होता. म्हणजे दरवाजा उघडल्यानंतर फार तर 13 मिनिटांच्या आत भोंगा वाजायला हवा होता.

मग आम्ही निर्णयाची साखळी कागदावर मांडली आणि प्रत्यक्ष फोन करून तिची रंगीत तालीम घेतली. दरवाज्यावरच्या कर्मचाऱ्याने उपविभागातील अधिकाऱ्याला कळवायचे, त्यांनी वरिष्ठांची परवानगी घ्यायची, वरिष्ठांनी नियंत्रण कक्षाला सांगायचे आणि कक्षातल्या माणसाने कळ दाबायची. दिवसाढवळ्या, सगळ्यांना तालमीची आगाऊ कल्पना असताना, या साखळीला 19 मिनिटे लागली. भोंगे कितीही दमदार बसवले असते तरी या वेळापत्रकात ते पाण्याच्या मागूनच वाजले असते.

इथे आराखड्यात पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा बदल झाला. एकही खांब उभा राहण्यापूर्वी कार्यपद्धती बदलली. नियोजित विसर्गात क्रम उलटा ठेवला गेला : आधी भोंगा, मग 30 मिनिटांचा अवधी, मग दरवाजा. अनपेक्षित घटनेसाठी जलाशयाची पातळी आणि पात्रातली पातळी यांच्या ठरावीक मर्यादा लेखी नक्की करण्यात आल्या. त्या ओलांडल्या गेल्या तर पाळीवरच्या कर्मचाऱ्याने कुणालाही न विचारता भोंगा वाजवायचा आणि नंतर कळवायचे. या अधिकारपत्रावर सही मिळवायला आम्हाला खांबांच्या निविदेपेक्षा जास्त दिवस लागले. त्यामागची भीती समजण्यासारखी होती, कारण खोटा इशारा गेला तर जबाब कुणी द्यायचा हा प्रश्न होता. म्हणून पत्रात स्पष्ट लिहिले गेले की मर्यादा ओलांडल्याची नोंद असेल तर इशारा नंतर अनावश्यक ठरला तरी कर्मचाऱ्यावर कारवाई होणार नाही. हे वाक्य नसते तर मध्यरात्री एकट्या असलेल्या माणसाचा हात कळेवर जाऊन थबकला असता.

वर्तुळांचा आकार

पाच किलोमीटरचे वर्तुळ आले कुठून, ते शोधायला वेळ लागला नाही. मोकळ्या, सपाट, वारा नसलेल्या जागी एका बिंदूतून निघणारा आवाज अंतर दुप्पट झाले की 6 डेसिबलने उतरतो. या नियमाने 115 डेसिबलचा आवाज 70 वर येईपर्यंत सुमारे 5.3 किलोमीटर अंतर जाते. गणित बरोबर होते, पण जागा तशी नव्हती. घरे, झाडी, चढउतार आणि हवेतले तापमानाचे थर असलेल्या भागात भोंग्यांच्या आखणीसाठी अंतर दुप्पट झाल्यावर 10 डेसिबलची घट धरण्याचा जुना, सावध ठोकताळा आहे. त्याने हिशेब केला तर 30 मीटरवर 115, 60 वर 105, 120 वर 95, 240 वर 85, 480 वर 75, आणि 70 डेसिबलची रेषा साधारण 680 मीटरवर येते. त्रिज्या जवळपास आठ पटींनी आणि क्षेत्र साठपटींहून अधिक घटले. नकाशावर नवी वर्तुळे काढली तेव्हा चारपैकी दोन वस्त्या पूर्णपणे बाहेर पडल्या.

70 डेसिबलचा आग्रह कशासाठी, असे विचारले गेले. कोणत्याही इशाऱ्याचा आवाज आजूबाजूच्या आवाजापेक्षा किमान 10 डेसिबलने वर असावा, हा मूळ नियम आहे. त्यामुळे आधी आजूबाजूचा आवाज मोजावा लागतो, आणि तो ज्या वेळी इशारा द्यायचा त्या वेळचा मोजावा लागतो. पुरवठादाराने मोजमाप हिवाळ्यातल्या शांत दुपारी केले होते. आम्ही पावसात पुन्हा मोजले. बंधाऱ्याजवळ नुसत्या पाण्याचा घोषच इतका होता की शेजारच्या माणसाशी बोलताना कानाजवळ तोंड न्यावे लागत होते. तिथे 70 डेसिबलचा भोंगा विरून गेला असता.

दिवस-रात्रीचाही फरक पडतो. उन्हात तापलेल्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, त्यामुळे आवाज वर वळतो आणि काही अंतरावर ध्वनीची सावली पडते. निरभ्र, शांत रात्री थर उलटे होतात, आवाज खाली वळतो आणि दूरवर पोचतो. त्यामुळे रात्री दूरच्या गावात ऐकू आलेला भोंगा पाहून आखणी केली, तर भर दुपारी तोच भोंगा फसवतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेलाही अशीच सावली पडते. या कारणांमुळे तीन उंच मनोऱ्यांची कल्पना सोडून वस्त्यांना धरून नऊ मध्यम उंचीचे खांब आखले गेले. प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी माणूस पोचू शकेल अशा कोणत्याही जागी आवाज 123 डेसिबलच्या वर जाऊ नये अशी अट घातली. त्यापुढचा आवाज कानांना इजा करू शकतो, आणि एक खांब शाळेच्या कुंपणाला लागून येत होता. तो रस्त्यापलीकडे हलवला.

बोललेले कळते का

भोंगा माणसाला जागे करतो, पण काय करायचे ते सांगत नाही. ते काम कर्ण्यातून येणाऱ्या माणसाच्या आवाजाचे, आणि सगळ्यात जास्त चुका आम्हाला इथेच सापडल्या.

बोलण्याची सरासरी पातळी त्याच यंत्रातून निघणाऱ्या सलग सुरापेक्षा बरीच खाली असते, त्यामुळे भोंगा जिथवर ऐकू येतो तिथवर शब्द पोचत नाहीत. शिवाय शब्द ओळखायला लागणारी व्यंजने मुख्यतः वरच्या कंप्रतेत (फ्रिक्वेन्सीत) असतात, आणि हवा वरच्या कंप्रतेचा आवाज लवकर शोषून घेते. अंतर वाढत जाते तशी व्यंजने झडतात आणि स्वर मागे उरतात. मराठीत याचा परिणाम काय होतो, हे एका चाचणीत आमच्यासमोर आले. दोन खांब तात्पुरते उभारून आम्ही संदेश वाजवला आणि वेगवेगळ्या अंतरांवर बसवलेल्या गावकऱ्यांना ऐकलेले जसेच्या तसे कागदावर लिहायला सांगितले. संदेशात ‘पूर’ आणि ‘दूर’ हे दोन्ही शब्द होते. चारशे मीटरवरच्या कागदांवर ‘पूर’च्या जागी ‘धूर’ होते, ‘दूर’च्या जागी ‘पूर’ होते. त्याहून वाईट म्हणजे ‘वर जा’ या दोन शब्दांऐवजी तीन जणांनी ‘घर जा’ आणि एकाने ‘घरी जा’ असे लिहिले होते. ज्यांना टेकडीवर पाठवायचे, त्यांना हा संदेश घरात बसवणार होता. ते कागद मी अजून जपून ठेवले आहेत.

पहिला मसुदा कार्यालयीन भाषेत होता : ‘सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की धरणातून पाण्याचा विसर्ग वाढवण्यात येणार असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ या वाक्यात चूक काही नाही, पण ते ऐकून पाय कुठे वळवायचे ते कळत नाही. ‘सतर्क राहावे’ ही कृती नाही. अनेक फेऱ्यांनंतर पहिल्या वस्तीसाठी ठरलेला संदेश असा होता : ‘नदीचं पाणी वाढतंय. शाळेमागच्या टेकडीवर चढा. टेकडीवर चढा.’ एकाक्षरी आणि दोन अक्षरी शब्द शक्य तितके टाळले, कारण लांब शब्दातली एखादी व्यंजनाची जागा हरवली तरी बाकीच्या अक्षरांवरून शब्द ओळखता येतो. पुन्हा चाचणी घेतली तेव्हा त्याच चारशे मीटरवर ‘टेकडी’ सगळ्यांच्या कागदावर होती. प्रत्येक वस्तीचा संदेश वेगळा ठेवावा लागला, कारण प्रत्येकीची वाट आणि उंच जागा वेगळी आहे. या संदेशांचे ध्वनिमुद्रण आधीच करून ठेवले. ऐन वेळी घाबरलेल्या माणसाने माइकवर बोलण्यावर यंत्रणा अवलंबून राहू नये, असे मला वाटते, मात्र थेट बोलण्याची सोय राखून ठेवली आहे.

दुसरी चूक दोन खांबांमधली होती. 20 अंश सेल्सिअस तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. एका खांबापासून 200 मीटर आणि दुसऱ्यापासून 540 मीटरवर असलेल्या अंगणात उभा राहून मी दोन्ही कर्णे एकाच वेळी वाजवून ऐकले. दुसरा आवाज पहिल्यामागून जवळपास एका सेकंदाने येत होता. ‘शाळेमागच्या’ शब्दाच्या अंगावर आधीचा ‘वाढतंय’ पडत होता आणि दोन्ही मिळून नुसता गलका होत होता. आवाज भरपूर होता, अर्थ मात्र शून्य. बोलण्याच्या बाबतीत जास्त खांब म्हणजे जास्त स्पष्टता, हा समज त्या अंगणात गळून पडला. उपाय म्हणून खांबांचे दोन गट केले. एक गट संदेश बोलतो तेव्हा दुसरा पूर्ण गप्प राहतो आणि पहिल्याचा आवाज विरल्यानंतर दुसरा बोलतो. वेळ थोडा जास्त जातो, पण कानाला एका वेळी एकच आवाज मिळतो.

राहिला घरातला माणूस. खिडक्या बंद असलेल्या, पत्र्याचे छप्पर असलेल्या खोलीत, पाऊस पत्र्यावर कोसळत असताना, आम्ही एका रात्री बसून पाहिले. खांब 250 मीटरवर होता. भोंगा ऐकू आला, पण दूरच्या गाडीचा हॉर्न वाटावा इतपतच, आणि बोलणे अजिबात कळले नाही. बंद खिडकी-दारे आवाज 20 ते 25 डेसिबलने सहज घटवतात, आणि पत्र्यावरचा पाऊस उरलेला आवाज गिळून टाकतो. बाहेरचा भोंगा हा बाहेरच्या माणसासाठी असतो, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जपानमध्ये नगरपालिकांच्या आपत्ती-प्रसारण यंत्रणेत मैदानी कर्ण्यांबरोबर घराघरात ठेवायचे छोटे रेडिओ-ग्राहक असतात, ते याच कारणाने. आमच्या आराखड्यात सखल गल्ल्यांमधल्या घरांपुरते असे ग्राहक घेतले. ऐकू न येणाऱ्या व्यक्ती राहतात त्या घरांमध्ये लखलखणाऱ्या दिव्याची जोड दिली आणि मोबाईलवर जाणाऱ्या संदेशाची साखळीही याच कळेला जोडली. आलेल्या निधीतला बराच वाटा खांबांकडून घरांकडे वळला, याबद्दल गटात वाद झाला. त्या रात्री खोलीत बसलेल्यांपैकी कुणीही त्याला विरोध केला नाही.

वीज, संपर्क आणि कळ

पूर येतो तेव्हा वीज आधी जाते, म्हणून प्रत्येक खांब सौरपट्टी आणि बॅटरीवर ठेवला. बॅटरी किती मोठी घ्यायची यात एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. 1200 वॉटचा प्रवर्धक (आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) पूर्ण ताकदीने 30 मिनिटे चालवायचा तर कार्यक्षमता 85 टक्के धरून सुमारे 700 वॉट-तास लागतात. संदेशाची वाट पाहत जागा राहणारा संपर्कसंच मात्र फक्त 5 वॉट घेतो, पण रात्रंदिवस घेतो. आठवडाभर ऊन पडले नाही तर त्याचे 840 वॉट-तास होतात. गप्प बसण्याची वीज वाजण्याच्या विजेपेक्षा जास्त निघाली. पुरवठादाराने फक्त वाजण्याचा हिशेब केला होता. दोन्ही मिळून 24 व्होल्टवर सुमारे 65 अँपिअर-तास, आणि शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही असे धरले तर 130 अँपिअर-तास. पावसाळ्यातले ढगाळ दिवस लक्षात घेता यात काटछाट करू दिली नाही.

आज्ञा खांबापर्यंत पोचवण्यासाठी पहिल्या प्रस्तावात केवळ मोबाईलचे जाळे होते. पुरात मोबाईलच्या मनोऱ्याची वीज गेली की ते जाळे बसते. म्हणून मुख्य मार्ग रेडिओचा आणि मोबाईल जोडीला, अशी अदलाबदल केली. रेडिओ घेतला की सुरक्षेचा प्रश्न येतो. 7 एप्रिल 2017 च्या रात्री अमेरिकेतील डॅलस शहराचे 156 भोंगे कुणीतरी रेडिओ संकेत पाठवून वाजवले आणि ते बंद करायला दीड तासाहून अधिक वेळ लागला. असा भोंगा एकदा खोटा वाजला की पुढच्या खऱ्या वेळी लोक अंथरुणातून उठत नाहीत. त्यामुळे प्रत्येक आज्ञेवर सांकेतिक सही आणि वेळेची नोंद असावी, जेणेकरून आज्ञा ध्वनिमुद्रित करून नंतर पुन्हा पाठवली तर खांब ती नाकारेल, ही अट निविदेत टाकली. प्रत्येक खांबावर, कुलपाच्या पेटीत, हाताने फिरवायचा छोटा भोंगाही ठेवला. सगळे बंद पडले तरी तो वाजतो.

नियंत्रण कक्ष कुठे असावा, यावर चर्चा करताना मला 11 मार्च 2011 ची आठवण सांगावीशी वाटली. जपानमधील मिनामिसानरिकू गावात मिकी एंदो ही 24 वर्षांची कर्मचारी आपत्ती-निवारण इमारतीतून कर्ण्यावर लोकांना उंचावर जायला सांगत राहिली. त्सुनामी त्या तीनमजली इमारतीच्या छतावरून गेली आणि तिचा मृत्यू झाला. तिच्या आवाजाने गावातले पुष्कळ लोक वाचले, असे तिथले लोक सांगतात. ज्या खोलीतून इशारा द्यायचा ती खोली धोक्याच्या पट्ट्यात असता कामा नये. आमच्याकडचा प्रस्तावित कक्ष पूररेषेच्या आत, जुन्या कचेरीच्या तळमजल्यावर होता. तो टेकडीवरच्या इमारतीत नेला, आणि तोच अधिकार वापरता येईल अशी दुसरी कळ धरणावर बसवली.

आवाजाचा अर्थ

8 ऑगस्ट 2023 रोजी हवाईतील लाहाइना शहराला आगीने वेढले तेव्हा तिथले भोंगे वाजवले गेले नाहीत. भोंगा म्हणजे त्सुनामी असे लोकांना शिकवलेले असल्याने तो ऐकून लोक डोंगराकडे, म्हणजे आगीच्या दिशेने जातील, असे कारण तेव्हाच्या आपत्ती-व्यवस्थापन प्रमुखांनी दिले. त्या आगीत शंभरहून अधिक माणसे गेली. त्या निर्णयाची बरी-वाईट बाजू काहीही असो, भोंग्याला लोकांच्या मनात एकच अर्थ चिकटलेला असतो, आणि तो अर्थ आखणी करणाऱ्यांनीच आधी ठरवावा लागतो, हे त्यातून दिसते. स्वित्झर्लंडमध्ये धरणाखालच्या पट्ट्यासाठी सर्वसाधारण भोंग्याहून वेगळा, खालच्या पट्टीतल्या बारा सलग सुरांचा जलइशारा ठेवण्याची पद्धत दीर्घकाळ राहिली, आणि तो ऐकल्यावर जागा लगेच सोडायची असा त्याचा एकच अर्थ होता.

आम्ही चढउतार होणारा सूर म्हणजे ‘लगेच टेकडीवर चढा’ आणि सलग सूर म्हणजे ‘धोका टळला, खाली या’ इतकेच ठेवले. तिसरा सूर सुचवला गेला होता, तो घेतला नाही. गावच्या सभा, लसीकरण, पाणीपट्टी यांच्या घोषणा याच कर्ण्यांवरून व्हाव्यात, अशीही मागणी आली. यंत्रणा रोज वापरली तर बिघाड लवकर कळतो, हा मुद्दा खरा आहे. पण रोजच्या घोषणांनी कान बोथट होतात. मधला मार्ग म्हणून रोज संध्याकाळी ठरावीक वेळी काही सेकंदांचा मंद सूर सोडायचे ठरले, जो भोंग्यासारखा अजिबात वाटत नाही. खांब वाजला नाही की शेजारची मुलेच सांगत येतात. पूर्ण भोंगा महिन्यातून एकदा, जाहीर केलेल्या दिवशी, आणि तेव्हा टेकडीपर्यंत चालत जाण्याची तालीमही त्याला जोडलेली आहे.

यंत्रणा ताब्यात घेताना कागदावर दोन अटी होत्या. पहिली डेसिबलची. दुसरी अशी की प्रत्येक वस्तीत ठरवलेल्या दहा जागी बसलेल्या माणसांनी संदेश ऐकून लिहावा आणि त्यातले ठिकाण व कृती बरोबर यावी. पहिली अट सर्व नऊ खांबांनी पूर्ण केली. दुसरीत तिसऱ्या वस्तीच्या खालच्या टोकाला, जिथे ओढा नदीला मिळतो तिथे, दहापैकी चार कागद चुकीचे आले. तिथे कर्ण्यांची दिशा फिरवून पाहिली, तरीही पाण्याच्या आवाजात ‘टेकडी’ बुडत होती. त्या टोकाच्या सात घरांना घरगुती ग्राहक दिले आहेत, शेजारच्या घरातल्या एका माणसाकडे हातभोंग्याच्या पेटीची किल्ली आहे, आणि पात्रात पंपावर जाणाऱ्यांसाठी वाटेवर लाल दिव्याचा खांब उभा करण्याचे काम अजून चालू आहे.